पास दोनच, सुनंदाबाय

सुनंदाबाय, कॉलेजच्या ऑफिसातून फोन आला होता. तुझं नाव काढायला सांगतायत.

आपल्या प्रोजेक्टच्या कव्हरवरचं नाव. "मॅडम, त्या आता रोलवर नाहीत. सिस्टीम एकच नाव घेते. कव्हर बदला आणि शनिवारपर्यंत जमा करा, रविवारी व्हायवा आहे," असं तो क्लार्क एका दमात म्हणाला. मग काहीतरी राहिल्याची आठवण झाल्यासारखं, "वाईट झालं हां," असंही म्हणाला. मी पंचायतीत होते. समोर घरपट्टीच्या तक्रारी घेऊन माणसं उभी. मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. "बघते" हा शब्द सरकारी नोकरीत किती कामाचा, ते तुला सांगायला नको. तुझ्या मेट्रनने तो वापरला की तुझा पारा चढायचा, आणि वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना तू स्वतः तोच ऐकवायचीस.

तुझं बारावं होऊन अजून आठवडा झालेला नाही. मला खरं तर रडायचं होतं, पण त्या फोनने राग आणला आणि रडणं बाजूला राहिलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "गो सेक्रेटरी, रड मागीर. आदीं काम कर." म्हणून आधी काम. रडण्याचं बघते.

हे सगळं तूच माझ्या गळ्यात घातलंस. तू आमच्या पेडण्याच्या गावची माहेरवाशीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. लग्न होऊन डिचोलीला गेलीस, तिथल्या हॉस्पिटलात नर्स झालीस, मी गावातच राहून पंचायतीची सेक्रेटरी झाले, आणि मधली कितीतरी वर्षं आपली गाठ पडायची ती देवळातल्या जत्रेत किंवा कोणाच्या तरी मयताला. मग एका शुक्रवारी म्हापशाच्या बस स्टँडवर तू दिसलीस. एका हातात मिरच्यांची पिशवी, दुसऱ्या हातात छापील पत्रक. सार्वजनिक आणि आरोग्य प्रशासनाची मास्टर्स पदवी, नोकरी करणाऱ्यांसाठी, वर्ग दर रविवारी, म्हापशात.

"तुझें अर्दें, माजें अर्दें," तू म्हणालीस. "सार्वजनिक तुझें, आरोग्य माजें. दोगां मेळून एक पदवी जाता."

मी म्हटलं, "पन्नाशी आयली बाय. आता शिकून किदें करतलंय? बढती मेळपाची ना, पगार वाडपाचो ना."

तेव्हा तू हसली नाहीस. पिशवी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "इतकीं वर्सां माजें नाव ड्युटीच्या फळ्यार चॉकान लिवतात आनी दुसऱ्या दिसा पुसून उडयतात. एकदां तरी तें छापलेलें जाय. काळ्या कव्हरार, सोनेरी अक्षरांनी. मागीर मेलें तरी चलता."

शेवटचं वाक्य तू सहज बोललीस. तेव्हा मीही ते सहजच ऐकलं. मिरच्यांचा भाव विचारला आणि पत्रक पर्समध्ये घातलं.

त्या वर्गात आपण कशा दिसत असू, याचा विचार केला की अजून हसू येतं. सर आपल्याला मुलगा शोभावा अशा वयाचे. तू त्यांना पहिल्या दिवशी "बाबा" म्हणालीस, दुसऱ्या दिवशी जीभ चावून "सर" म्हणालीस आणि तिसऱ्या रविवारपासून "सरबाबा" ठरलं ते ठरलंच. ते बिचारे संस्थात्मक वर्तन शिकवायला लागले की तुला झोप यायची, कारण तू शनिवारची रात्रपाळी करून थेट डिचोलीच्या बसने यायचीस. पण तुझी झोपही शिस्तीची. मान सरळ, पेन हातात, डोळे मिटलेले. सरांनी एकदा विचारलं, "सुनंदाताई, ऐकताय ना?" तू डोळे न उघडता म्हणालीस, "सांगात सर, सलायन लायिल्लें आसा." सगळा वर्ग पोट धरून हसला. तू मात्र खरोखरच झोपेत बोलली होतीस, हे फक्त मला माहीत होतं.

आणि ती परीक्षा! शुक्रवारी परीक्षा ठेवणाऱ्याला म्हापशाचा शुक्रवारचा बाजार माहीतच नसावा. तू पेपरच्या आधी बाजार उरकलास, कारण पेपरनंतर मासळीवाल्यांकडे चांगली सुंगटं उरत नाहीत. वर्गात पिशव्या फळ्याखाली ठेवायच्या होत्या. तू सुक्या सुंगटांची पिशवी नेऊन ठेवलीस, पंख्याखाली बरोबर. अर्ध्या तासात सगळ्या वर्गात वास. पर्यवेक्षक बाई नाकाला पदर लावून फिरायला लागल्या. "ही पिशवी कोणाची?" तू उभी राहिलीस आणि अगदी नम्रपणे म्हणालीस, "माजी, मॅडम. पूण शुक्रारा परीक्षा कोणी दवरली?" बाईंनी जाऊन पंखा बंद केला. माझ्या पेपरात त्या दिवशी "मनुष्यबळ नियोजन" या प्रश्नाखाली मी काय लिहिलं देवाला ठाऊक, मला पूर्ण वेळ कालवणाची आठवण येत होती.

आपले पेपर वाचताना सरबाबांनी किती सोसलं असेल. माझी सगळी उत्तरं ग्रामसभेच्या इतिवृत्तासारखी. "वरील विषयावर सविस्तर चर्चा होऊन" असं सुरू करायचे आणि "सर्वानुमते मंजूर" असं संपवायचे. हात लिहायचा, मी नुसती बघायचे. तुझं उलटं. "रुग्णालयातील संघर्ष व्यवस्थापनाच्या पद्धती सांगा" असा प्रश्न आला तेव्हा तू वॉर्डातल्या दोन आयांचं एका बाल्दीवरून झालेलं भांडण नावानिशी लिहून काढलंस, पुरवण्या जोडून. बाल्दी शेवटी कोणाला मिळाली तेवढं लिहिलं नाहीस, कारण वेळ संपला. सरांनी शेरा मारला होता, "अत्यंत वाचनीय. परंतु प्रश्नाचे उत्तर नाही." तू तो शेरा पेडण्यापर्यंत दाखवत फिरलीस, पण फक्त पहिलं वाक्य. दुसऱ्यावर अंगठा ठेवायचीस.

मी पहिल्याच सत्रात संख्याशास्त्रात नापास झाले आणि सोडायचं ठरवलं. तू एका रविवारी म्हापशाला वर्गात न जाता तशीच पुढे पेडण्याच्या बसने माझ्या घरी आलीस. मला वाटलं समजूत घालशील. तू सरळ माझ्या नवऱ्याला म्हणालीस, "भावजी, आज जेवण तुमी करात," आणि मला घेऊन सोप्यावर बसलीस. संध्याकाळपर्यंत सरासरी आणि विचलन माझ्या डोक्यात गेलं. आमटी करपली, पण मी पास झाले. हे ऋण मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, "आमटी कशी जाल्ली तें सांग."

मग आला प्रोजेक्ट आणि आपण जन्मभराच्या भांडणाला बसलो.

विषय तुझा. हॉस्पिटलात पेशंटला भेटायला येणारी माणसं. आपल्याकडे एक माणूस दाखल झाला की अर्धं गाव बघायला येतं, हे काही नवीन नाही. न येणाऱ्याची आठवण पुढच्या पिढीपर्यंत ठेवतात. तुझ्या वॉर्डात चार ते सहा ही भेटीची वेळ म्हणजे जत्रेतल्या काल्याची गर्दीच. एका खाटेभोवती बारा माणसं, पाणी प्यायला फोडलेली आडसरं, बिस्किटांचे पुडे, पेजेचे डबे, आणि मध्ये कुठेतरी पेशंट. तू म्हणायचीस, एका पेशंटला दोन पास द्यायचे, दोनच माणसं आत, बाकीच्यांनी घरी जावं. मी म्हणायचे, येऊ देत. माणूस माणसाला बघून बरा होतो. तू म्हणायचीस, "माणूस औषधान बरो जाता. माणसांक बघून तेका ताप येता."

सरबाबा म्हणाले, "एक प्रोजेक्ट, एक निष्कर्ष. दोघींनी ठरवा." तेवढंच ठरत नव्हतं. आणखी एक ठरत नव्हतं, ते म्हणजे कव्हरवर पहिलं नाव कोणाचं. मी म्हटलं, वर्णानुक्रमाने वैजयंती आधी, सुनंदा नंतर. तू म्हणालीस, "वर्णमाळ पेडण्यांत चलता. हांगा मान चलता. व्हडली कोण?" हे बोललीस आणि लगेच कपाळाला हात लावलास, कारण मानाने त्या दिवसांत तुझा किती छळ मांडला होता, ते तुला आठवलं.

तू वॉर्डाची इन्चार्ज, म्हणून तुझ्या वॉर्डात पास सुरू झाले होते ना! पिवळे, प्लास्टिकमध्ये बसवलेले, एका खाटेला दोन. कागदावर योजना एकदम चोख होती. पण आपण दोघी त्याच मातीतल्या असून एक गोष्ट विसरलो. आपल्या लोकांच्या हातात दोनच वस्तू दिल्या की ते त्या वस्तू मोजत नाहीत, मान लावतात. देवळात पहिला नारळ कोणाचा, पहिला विडा कोणाचा, हे जिथे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं, तिथे तू "पहिला पास" नावाची नवी वस्तू आणून ठेवलीस.

पहिल्याच आठवड्यात एका आजीच्या खाटेवरून व्हडलं घर आणि धाकटं घर यांच्यात पेटलं. पहिला पास आमचा, कारण देवळातला मान आमचा, असं व्हडल्या घराचं म्हणणं. आजीला रोज पेज घालणारी धाकट्या घराची सून बाहेर उभी, आणि ज्यांनी आजीला वर्षभर विचारलं नव्हतं ते पास गळ्यात घालून आत. गळ्यात घालायची कल्पना त्यांचीच, तू दोरी दिलीच नव्हती. एका घराने तर पास हरवू नये म्हणून देवघरात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी येऊन गेटवर सांगितलं, "देवाकडेन आसा. आज सोयेर आयलां, काडपाक जायना." घरात सुतक, देवघराला हात लावायचा नाही. एक जावई पास खिशात घालून वास्कोला कामावर निघून गेला. पेशंट बरा होऊन घरी गेला तरी पास मात्र तिकडे बंदरावर फिरत होता.

आणि गेटवर तुझा फटू. भला माणूस, पण डिचोलीत जन्मलेला वॉचमन कोणाला अडवणार? एक त्याचा मास्तर निघायचा, एक सासूचा भाऊ. तू त्याला दम दिलास, "कोणूय आसूं, पास माग!" दुसऱ्या दिवशी तुझीच थोरली जाऊ एका पेशंटला बघायला आली, आणि फटूने तिला अडवलं. तिने तुला फोन केला, तू म्हणालीस पास नाही तर आत नाही. घरी चुलीशी तुम्ही दोघी किती दिवस बोलत नव्हतात ते तुझ्या घरच्या भावजींनी मला सांगितलं होतं. तुझे यजमान तसे कमी बोलणारे, सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवून आयुष्य काढलेले, आता शाळेची बस चालवतात. ते म्हणाले, "घरांत शांतताय आसा. माका बरें दिसता." तुला हे मी सांगितलं नव्हतं.

मेट्रनने तुला बोलावून सांगितलं, हे पास बंद करा, तक्रारी येतायत. तेव्हा तू तुझं ते प्रसिद्ध अस्त्र काढलंस. "बरें मॅडम. लेखी दियात." बस्स. लेखी काही आलं नाही, पास चालू राहिले. ह्या चार शब्दांनी तू किती वरिष्ठांना गार केलंस! मी खुर्चीच्या दुसऱ्या बाजूची. पंचायतीत कोणी "लेखी द्या" म्हटलं की मी आधी त्याच्यासाठी चहा मागवते. म्हणून तुझ्या तोंडून ते ऐकताना मला भीतीही वाटायची आणि मजाही.

आपली पाहणी आठवते? वॉर्डात खाटेखाटेला जाऊन प्रश्न विचारत होतो. एक म्हाताऱ्या बाई होत्या, पाय मोडलेल्या. मी विचारलं, "भेटायला जास्त माणसं आली तर त्रास होतो का?"

"जाता तर," त्या म्हणाल्या.

तू विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलंस आणि पुढचा प्रश्न टाकलास, "मग कमी माणसं यावीत का?"

"ना गे बाये!"

"कशाक?"

"लोक किदें म्हणटले? हिका बघूक कोणूच येना म्हणून?"

ह्या उत्तराला कुठल्या रकान्यात घालायचं यावर आपण म्हापशाच्या बसपर्यंत भांडलो.

मग तूच खाटेवर आलीस. पोटाचं दुखणं तू नुसत्या गोळ्यांवर ढकलत राहिली होतीस, आणि कळलं तेव्हा फार करण्यासारखं उरलं नव्हतं. तुला तुझ्याच वॉर्डात ठेवलं. तुझ्या खाटेच्याही वाट्याला दोन पास. एक भावजींना. दुसऱ्यावरून तुझ्या माहेराने आणि सासराने काय रामायण मांडलं! माहेरचे म्हणे, आमची मुलगी. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, घरातला मान माझा. तू खाटेवरून निवाडा केलास, दुसरा पास रोज बदलेल, आणि पहिला दिवस जाऊबाईंचा. त्या पास हातात धरून ज्या रडल्या, तुमच्या चुलीवरचा अबोला तिथेच संपला.

आणि मी? मी बदलले, बाय. तुला बघायला येणारा प्रत्येक जण खाटेशी उभा राहून म्हणायचा, "कितली बारीक जाल्या गो!" आणि लगेच सांगायला लागायचा की ह्याच दुखण्याने त्याच्या ओळखीतलं कोण कोण गेलं. तू त्यांच्यासमोर उठून बसायचीस, हसायचीस, आणि ते गेले की भिंतीकडे वळायचीस. मला ते बघवेना. मी फटूच्या शेजारी उभी राहायला लागले. पेडण्याहून भाड्याची गाडी करून आलेल्या माणसांना मी, "ती झोपलीय, उद्या या" म्हणून परत पाठवलं. माणूस माणसाला बघून बरा होतो म्हणणारी मी!

तुला कळलं तेव्हा काय भडकलीस. "कोणाक धाडलंय परत? नावां सांग!"

मी प्रोजेक्टचा मसुदाच काढला. "हे बघ, तूच लिहिलंयस. दोनच माणसं आत, बाकीच्यांनी घरी जावं."

"तें लिवलां ती इन्चार्ज," तू म्हणालीस. "ही खाटीवयली पेशंट. दोगींचें मत एकूच आसूंक जाय अशें खंय लिवलां?"

अशा आपण बाजू बदलल्या आणि भांडण मात्र आहे तिथेच ठेवलं. तू माझी वाक्यं मला ऐकवायचीस, मी तुझी तुला. शेजारच्या खाटेवरची बाई आपल्याला म्हणाली, तुमचं चाललं की मला बरं वाटतं, सिरियल बघायला नको.

त्या शेवटच्या संध्याकाळबद्दल मला तुझ्याशी बोलायचं राहिलं. सहा वाजून गेले होते. मी आत, बाहेर तुझी माणसं. फटूने आत सोडलं नव्हतं, पण घरी कोणी गेलं नव्हतं. खिडकीखालच्या कठड्यावर ओळीने बसली होती, आणि आपल्या लोकांना नुसतं बसता येतं थोडंच? मासळी, बस, कोणाच्या लग्नात काय झालं, सगळं मोठ्याने. मी उठले त्यांना गप्प करायला.

"खंय चललंय?" तू विचारलंस.

"बाहेर सांगते हळू बोला म्हणून."

"नाका. जनेल उगड."

मी खिडकी उघडली. तू डोळे मिटून पडून राहिलीस. बाहेर कोणीतरी बांगडा किती महागला ते सांगत होतं. तुझ्या ओठांवर हसू आलं.

"फट मारता तो," तू खोटं पकडल्यासारखं म्हणालीस. "तेका सस्तो मेळ्ळो काय तो कोणाक सांगना." मग जराशाने, "ती हांसली ती जाऊ... आनी तो फटू. गेट सोडून आयलो मेलो."

"आत बोलावू का एकेकाला?"

"नाका. थंयच बसूंदेत. आसात म्हणून कळ्ळें, पुरो."

एवढंच. मला तेव्हाच म्हणायचं होतं, सुनंदाबाय, हाच आपला निष्कर्ष. तुझाही आणि माझाही. पण तुझा डोळा लागला होता, आणि मी पांघरूण सारखं करून बाहेर कठड्यावर जाऊन बसले. वाटलं, उद्या सांगू. तो उद्या उजाडला तेव्हा तू कोणाचं काही ऐकण्याच्या पलीकडे गेलेली होतीस.

तुला घरी आणलं तेव्हा फटू हॉस्पिटलचा गणवेश घालूनच आला. अंगणात गर्दी. तो उंबऱ्याशी गेटवरच्यासारखा उभा राहिला, आणि लोक आपोआप दोघं-दोघं आत जायला लागले. व्हडलं घर, धाकटं घर, कोण आधी कोण नंतर, कोणी विचारलं नाही. इतक्या दिवसांत तुझा नियम पहिल्यांदाच एवढा सुरळीत चालला. मी आणि तुझी जाऊ जोडीने आत आलो. मला तुला हे हसून सांगायचं होतं, ते आज सांगते.

म्हणून तो फोन मला एवढा लागला. चॉकने लिहिलेलं नाव दुसऱ्या दिवशी पुसतात, ते ठीक. पण हे तर छापायच्या आधीच पुसायला निघाले.

एवढं लिहून थांबले होते. काल, शुक्रवारी, अर्धी रजा टाकून मी म्हापशाला गेले. आधी बाजारात गेले, सुंगटं घेतली. मुद्दाम. मग कॉलेजच्या ऑफिसात जाऊन पिशवी क्लार्कच्या टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "मॅडम, कव्हर बदललं ना?" मी म्हटलं, "नाव काढते. काही हरकत नाही. मयत विद्यार्थिनीचं नाव काढावं असा जो नियम आहे, तो तेवढा लेखी द्या."

बाय, तू बघायला हवी होतीस. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे, मग पंख्याकडे. "लेखी म्हणजे... तसं तोंडीच असतं," म्हणाला. मी म्हटलं, "बरं. तोंडी आहे, असं लेखी द्या." तो सुपरिंटेंडेंटकडे गेला. सुपरिंटेंडेंट बाहेर आले, त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. सरकारी ऑफिसात चहा आला की लढाई जिंकल्याची खूण असते, हे मी दुसऱ्या बाजूने चांगलं ओळखते. आत दोघांची बरीच कुजबुज झाली. मग सुपरिंटेंडेंट म्हणाले, "राहू द्या मॅडम. सिस्टीमचं आम्ही बघतो." आणि हळूच विचारलं, "सुंगटं कुठे मिळाली एवढी चांगली?"

तिथून सरळ बाइंडरकडे गेले. काळं कव्हर, सोनेरी अक्षरं. त्याने विचारलं, पहिलं नाव कोणाचं? मी तुझं सांगितलं. तू मोठी म्हणून नव्हे हां, तो वाद अजून मिटलेला नाही, वर आल्यावर पुढे चालू करू. छापून झाल्यावर मी बोटाने घासून बघितलं. पुसलं गेलं नाही. मग तिथेच, त्याच्या दुकानात, गोंदाच्या वासात, राहिलेलं रडून घेतलं. बाइंडर बिचारा घाबरला, त्याला वाटलं काहीतरी चुकीचं छापलं.

निष्कर्ष मी असा लिहिलाय: आत एका वेळी दोनच माणसं. बाहेर कितीही. बाहेर बसायला बाक, वर सावली, प्यायला पाणी, आणि वॉर्डाची खिडकी उघडी. कोणालाही घरी पाठवू नये. यात तू जिंकलीस की मी, ते मला कळत नाही, आणि खाली "सर्वानुमते मंजूर" असं माझ्या हाताने आपोआप लिहिलं गेलं ते मी खोडलेलं नाही.

उद्या रविवार. व्हायवा. फटूचा फोन आला होता, "मॅडम, परीक्षा बघूक आमी येतांव." मी सांगितलं, बघण्यासारखं काही नसतं. तो म्हणाला, "जाल्यार किदें जालें?" भावजी शाळेची बस काढणार आहेत. तुझी जाऊ येणार, आजीच्या धाकट्या घराची सून येणार, शेजारच्या खाटेवरची ती बाई काठी टेकत येणार. आडसरं आणणार आहेत म्हणे, माझ्यासाठी, मी काय आजारी आहे? मी क्लार्कला फोन करून विचारलं, किती जणांना सोडाल? तो आता माझ्याशी फार जपून बोलतो. म्हणाला, "मॅडम, आत फक्त परीक्षार्थी. कव्हरवर दोन नावं आहेत, म्हणून खुर्च्या दोन लावल्यात. बाकीच्यांनी बाहेर बसावं लागेल."

बसूदेत, सुनंदाबाय. आत आपण दोघीच. मी सरबाबांना तेवढं सांगणार आहे, खिडकी उघडी ठेवा म्हणून.